दोन फटक्यांचं टिंब

"झिंगलेल्या," आत्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. "झिंगलेल्या लिहिलंय. ह्यांचे आजोबा झिंगत असतील. माझे नव्हते."

कागद नगरपालिकेच्या शताब्दी समितीकडून आला होता आणि त्यावर चार ओळी होत्या. 'शंभर वर्षांपूर्वी या स्टेशनची पहिली पाटी रंगवताना एका झिंगलेल्या रंगाऱ्याच्या ब्रशातून चुकून एक थेंब सांडला आणि आपल्या शहराच्या नावावर टिंब पडलं. तेच नाव आज आपल्या सगळ्यांचा अभिमान आहे. त्या गोड चुकीला सलाम.' ह्या ओळी आत्याने आज, रविवारी, संध्याकाळी पाचच्या आत एका भल्यामोठ्या पत्र्यावर हाताने रंगवून द्यायच्या होत्या. एनॅमल रात्रभर वाळणार, उद्या सकाळी स्टेशनवर अनावरण होणार आणि जमलेल्या लोकांना सांगितलं जाणार की बघा, ज्या घराण्याच्या हातून थेंब सांडला त्याच घराण्यातल्या लेकीच्या हातची ही पाटी. म्हणजे शिवी द्यायची ती द्यायचीच, वर ती सुंदर अक्षरात आपल्याच घरातून लिहून न्यायची.

त्रेसष्टाव्या वर्षीही आत्याचा हात सरळ होता आणि जीभ त्याहून सरळ. लग्न केलं नाही, ब्रश सोडला नाही, आणि गल्लीतल्या लहानथोरांची ती आत्याच राहिली. हाताने पाट्या रंगवणारं शहरात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकीचं काम मशीनने खाल्लं होतं, आणि ते मशीन तिच्या सख्ख्या पुतण्याचं होतं. कारखान्याच्या पुढच्या अर्ध्या भागात त्याचं फ्लेक्स छापायचं यंत्र, मागच्या अर्ध्यात हिचे डबे, ब्रश आणि टर्पेंटाइनचा वास. मध्ये प्लायवूडची भिंत आणि तिला एक दार. दोघांचं भांडण असलं की दार बंद. आज ते उघडं होतं, कारण पुतण्याला गरज होती.

"आत्या, एका शब्दाचा तर प्रश्न आहे," पुतण्या म्हणाला. "तू नजर दुसरीकडे कर आणि रंगवून टाक. उद्या अर्धा तास टाळ्या वाजतील, परवा कुणाच्या ध्यानातही राहणार नाही."

"तुझ्या ध्यानात राहील ना. शहरातल्या सगळ्या नव्या पाट्या तुझ्या मशीनवर छापायचं ठरलंय म्हणे."

"ठरलंय म्हणजे, ही पाटी त्यांच्या हातात पडली की सही होणार आहे." पुतण्यात हा एक गुण होता. तो स्वार्थ लपवत नसे. "खोटं कशाला बोलू? मला काम हवंय. पण म्हणून पणजोबांना दारुडा म्हटलेलं मलाही आवडलेलं नाही. बाबांना विचार."

बाबा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दारापाशी वेताच्या खुर्चीत बसून रागाने लाल झाला होता. दादाने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला तो आपल्या आजोबांच्या थेंबाची गोष्ट सांगायचा आणि पोरं खिदळली की खूश व्हायचा. शहराचं नाव एका थेंबाने ठरलं आणि तो थेंब आमच्या घरचा, ह्याचा त्याला कोण अभिमान. पण थेंब वेगळा आणि झिंग वेगळी.

"थेंब कुणाच्याही हातून सांडेल," दादा म्हणाला. "माणूस आहे. पण झिंगलेल्या? त्या माणसाने आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही. बेबी, तू हे रंगवायचं नाहीस. मी मानहानीचा दावा लावीन. समितीला कोर्टात खेचीन."

साठी उलटली तरी दादाच्या तोंडी ती बेबीच होती. आणि आज कधी नव्हे ते बहीणभावाचं एकमत झालं होतं, त्यामुळे आत्याला जरा बरंही वाटत होतं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्या दादाच्या बायको. नदीपलीकडच्या नावाड्यांच्या घरातून चाळीस वर्षांपूर्वी ह्या घरात आल्या, तेव्हापासून कमी बोलत आल्या. बोलल्या की शहराचं नाव टिंबाशिवाय घेत. त्यांच्या माहेरी सगळेच तसं म्हणत. त्यावरून घरात कायम थट्टा चाले. वहिनींचं टिंब होडीतून येताना पाण्यात पडलं, असं सासरे म्हणायचे. मग दादा म्हणू लागला, मग पोटचा पोरगाही. आत्याही म्हणत असे. वहिनी हसून घेत. ते हसणं नेमकं कसलं, हे कधी कुणी विचारलं नाही.

"त्या समितीच्या माणसाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "दारात उभा आहे. टेम्पोतून काहीतरी उतरवतोय."

समितीचा चिटणीस हा गोड बोलण्यासाठीच नेमलेला असावा असा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, प्रत्येक वाक्याआधी हसू. त्याने एक गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू दोन हमालांकरवी आत आणवली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"खास तुमच्यासाठी," तो म्हणाला. "स्टेशनच्या गोदामात सापडली. मूळ पाटी. नव्या पाटीची अक्षरं हिच्यासारखीच हवीत, म्हणजे कसं, शंभर वर्षांचा धागा जुळेल."

"धागा नंतर जुळवा," दादा उठून उभा राहिला. "आधी 'झिंगलेल्या' काढा."

"काढला," चिटणीस लगेच म्हणाला. "दमलेल्या करू? की डुलक्या घेणाऱ्या? लोकांना जरा हलकंफुलकं आवडतं, म्हणून आपलं तसं घातलं होतं. तुमच्या भावना दुखावायचा हेतू नव्हता."

दमलेला काय, डुलक्या घेणारा काय. आपल्या आजोबांना हा माणूस कपडे बदलावेत तसा फाइलीत बदलत होता. आत्याने त्याच्याकडे बघायचंच टाळलं आणि गोणपाटाची सुतळी सोडली.

ही पाटी तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या जन्माआधीच ती उतरवून तिथे नवी पाटी लावलेली होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. निळा विटला होता, कडा गंजल्या होत्या, पण अक्षरं जशीच्या तशी. आणि तो हात. वयाच्या नवव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत ज्या हाताने तिचा हात धरून गिरवून घेतलं, तो हात तिने अंधारातही ओळखला असता. उभी रेघ वरून खाली एका दमात, खाली आल्यावर किंचित जड. शिरोरेघ सुतळीला खडू फासून मारलेल्या खुणेवर तंतोतंत. एक अक्षर ढळलेलं नाही. झिंगलेला म्हणे.

मग तिची नजर टिंबावर गेली आणि तिथेच अडकली.

"दिवा आण," ती पुतण्याला म्हणाली. "तो नाही, तारेचा. हातात धरायचा."

पुतण्याने दिवा आणला. तिने तो पाटीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला, म्हणजे रंगाचे चढउतार दिसावेत. मग चष्मा काढून, नाक पत्र्याला लागेल इतकी जवळ गेली. चिटणिसाने दोनदा घड्याळ पाहिलं.

"दादा, इकडे ये. हे बघ."

"काय बघू? टिंब आहे."

"टिंब आहे. थेंब नाहीये." तिने बोटाने दाखवलं. "हे डावं अर्धं, हे उजवं अर्धं. मध्ये बारीक उंचवटा आहे, दोन फटके जिथे भेटतात तिथला. टिंब दोन फटक्यांत द्यायचं, हात काठीवर टेकवून द्यायचं, हे त्यांनी मला शिकवलंय. हजार वेळा गिरवून घेतलंय. आणि इथे, ही पांढऱ्याच्या बाहेर आलेली करडी रेघ बघ. पेन्सिलीचा गोल. आधी गोल आखलाय, मग भरलाय."

दादा वाकला. पुतण्याही वाकला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"आणि मुळात," आत्याचा आवाज चढत चालला होता, "आजोबा पाटी कायम उभी ठेवून रंगवायचे. उभ्या पाटीवर थेंब पडला तर खाली ओघळतो, लांब शेपूट सोडतो. हे टिंब शिरोरेघेच्या वर आहे, चेंडूसारखं गोल. शंभर वर्षं अख्खं शहर हसतंय, तू शाळेत पोरांना हसवलंस, आपण जेवताना हसलो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की थेंब वर चढत नाही."

"म्हणजे चूक नव्हतीच," दादाचा चेहरा उजळला. "हात शाबूत होता. लिहून घ्या हो, चिटणीस. रंगाऱ्याने जाणीवपूर्वक, कुशल हाताने, असं काहीतरी लिहा. झालं की नाही चांगलं?"

चिटणिसाचं हसू मात्र आता जरा सैल झालं होतं. "जाणीवपूर्वक म्हणजे... कशासाठी?"

"तेच मी विचारणार होते," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वहिनी ट्रे हातात घेऊन अजून तिथेच उभ्या होत्या.

"तुमचे आजोबा इथलेच," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या लोकांबरोबर लहानाचे मोठे झाले. नाव काय आहे आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांना माहीत होतं. मग टिंब का दिलं?"

"अर्थ?" पुतण्याने विचारलं. "नावाला अर्थ पण आहे?"

"तू कधी विचारलास का? टिंबच तर शोधत होतास माझं पाण्यात."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला आणि पदराला नव्हे, सरळ टर्पेंटाइनच्या फडक्यालाच हात पुसले.

"आमच्या बोलीत टिंबाशिवाय त्या शब्दाचा अर्थ 'सगळ्यांचं'," त्या म्हणाल्या. "इथे धक्का होता. कुणीही होडी लावावी, कुणीही उतरावं, पाणी भरावं, बाजार मांडावा. मालक कुणी नाही. म्हणून ते नाव. टिंब दिलं की तोच शब्द वेगळा होतो. मग अर्थ होतो 'राखीव'. राखून ठेवलेलं. दुसऱ्याने यायचं नाही असं."

चिटणीस म्हणाला, "रंजक आहे. फारच रंजक."

"रंजक नाही हो. माझ्या पणजोबांची होडी होती इथे. स्टेशन झालं, पाटी लागली. पाटीनंतर आठ दिवसांत धक्क्याभोवती कुंपण पडलं. नावाडी जाब विचारायला गेले तर स्टेशनच्या साहेबाने पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाला, जागा राखीव आहे हे नावातच आहे, आणि नाव तुमचंच आहे, तुमच्याच भाषेतलं. आमच्या लोकांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटीकडे नुसतं पाहिलं आणि परत आले. म्हणून आम्ही पलीकडचे. त्याआधी आम्ही इकडचेच होतो."

एवढं सलग वहिनी चाळीस वर्षांत बोलल्या नव्हत्या.

चिटणिसाने फाइल मिटली. "हे बघा, इतिहास म्हटलं की दहा मतं येतात. आपला कार्यक्रम आनंदाचा आहे. 'झिंगलेल्या' मी काढला, बाकी मजकूर मंजूर झालेला आहे. पाचला टेम्पो पाठवतो." जाता जाता त्याने पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुमची ती सही. लक्षात आहे माझ्या."

तो गेला. जुनी पाटी भिंतीला टेकलेलीच राहिली.

"वहिनी," आत्याने विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"कुंपणाचं माहीत होतं. थेंब खरंच सांडला असेल असं मी धरून चालले होते. साहेबाने नुसता त्याचा फायदा घेतला असेल. लग्न होऊन आले त्या घराबद्दल माणूस चांगलंच धरून चालतं."

हे ऐकून आत्याच्या अंगाची लाही झाली, आणि राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. साहेब मेलेला, आजोबा मेलेले. जिवंत होती ती ह्या कारखान्यातली माणसं, आणि त्यांतली तीन जणं आयुष्यभर वहिनींना हसली होती.

"पण साहेबाचा हुकूम असणार," दादा घाईने म्हणाला. "गरीब रंगारी. वय बावीस. लिहून दिलं तसं रंगवलं. त्याच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं."

"साहेबाला बोली येत होती?" आत्याने विचारलं.

"आता ते मला कसं माहीत असणार?"

"नव्हती येत," वहिनी म्हणाल्या. "मध्ये दुभाषा लागायचा."

"मग एका टिंबाने अर्थ फिरतो हे त्याला कुणी सांगितलं, दादा? नावाड्यांची बोली कळणारा आणि वर लिहितावाचता येणारा, असा तेव्हा इथे कोण होता?"

आत्या आता थांबणाऱ्यातली नव्हती. तिच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि आपण त्या आयुष्यभर वेगवेगळ्या दिवशी ऐकल्या ह्याचा तिला संताप आला होता.

"आपल्या घरात दोन गोष्टी सांगतात," ती म्हणाली. "एक, आजोबांच्या हातून थेंब सांडला आणि पाटी बिघडली. दुसरी, चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून साहेबाने त्यांना ही जागा दिली. हीच, जिथे आपण उभे आहोत. धक्क्यावरची, कुंपणाच्या आतली. आता मला सांग, तू मास्तर होतास. शहराची पहिली पाटी ज्याने बिघडवली त्याला बक्षीस देतात का?"

पलीकडे पुतण्याचं मशीन चालू होतं. त्याने जाऊन ते बंद केलं आणि परत येऊन दारातच उभा राहिला.

"बेबी," दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे तू बाहेर कुठे बोलणार नाहीस."

"का?"

"कारण तुला काहीच ठाऊक नाही. सगळे अंदाज आहेत. आणि कारण हे घर आहे. उद्या कुणी विचारलं की ही जागा तुमच्याकडे कशी आली, तर काय सांगायचं? पलीकडचे लोक दारात येऊन बसतील. बसू द्यायचं की नाही?" त्याने बायकोकडे पाहायचं टाळलं. "तू तो मजकूर रंगव. चार ओळी आहेत. रंगव आणि मोकळी हो."

"थेंब सांडला म्हणून रंगवू?"

"हो."

"चुकून?"

"हो, चुकून. आणि..." दादाने घसा खाकरला. "हवं तर 'झिंगलेल्या'ही राहू दे. काही बिघडत नाही. प्यायलेल्या माणसाला लोक माफ करतात."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. तासाभरापूर्वी ह्याच शब्दासाठी कोर्टात जायला निघालेला माणूस. आजोबांची अब्रू, अब्रू म्हणून छाती पिटणारा. अब्रूपेक्षा जागा मोठी निघाली म्हटल्यावर त्याने स्वतःच्या हाताने म्हाताऱ्याला दारू पाजली. त्याक्षणी तिला भावाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यांची भांडणं काही थोडीथोडकी झालेली नव्हती.

"लाज वाटते का रे तुला?" ती म्हणाली.

"वाटते," दादा म्हणाला. "पण मला ह्या घरात मरायचंय."

दादा खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आई, तुझं काय म्हणणं आहे?" पुतण्याने विचारलं. ह्या घरात हा प्रश्न कुणी वहिनींना विचारल्याचं आत्याला आठवत नव्हतं. "टिंब पुसून टाकावं का? आत्याने नवीन पाटीवर टिंबाशिवाय नाव लिहिलं तर?"

"आणि काय होईल?" वहिनी म्हणाल्या. "टिंब पुसलं म्हणून कुंपण निघणार आहे का? काल मी स्टेशनकडून आले. बाकावर टेकले तर पहारेकरी म्हणाला, तिकीट दाखवा, बाक प्रवाशांसाठी आहे. बागेला फाटक आहे, त्याला चावी, चावी सोसायटीकडे. नदी बघायची तर हॉटेलात जाऊन काहीतरी मागवावं लागतं. चौकातल्या नळालासुद्धा कुलूप आहे. ह्या शहराचं नाव 'सगळ्यांचं' ठेवलंत तर लोक हसतील. आहे तेच नाव शोभतं त्याला. चांगलं मापात बसलंय."

"मग तुला हवंय काय?"

"चूक म्हणू नका," वहिनी म्हणाल्या. "एवढंच. जागा घेतलीत, ठीक आहे, तीत मीही राहते, माझाही संसार इथेच झाला. पण वर गोड चूक म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या, सलाम करायचा, हे नको. चुकून गेलेली वस्तू माणूस परत मागू शकत नाही. मागायची तरी कुणाकडे? चुकलं म्हटल्यावर संपलंच सगळं."

दादा उठला आणि घरात निघून गेला. दार लावलं नाही, आपटलंही नाही.

आत्याने पत्रा घेतला. प्रायमर परवा दिलेला होता, त्यावरचा निळाही काल चढवून रात्रभर वाळला होता. सुतळीला खडू फासला, एक टोक पुतण्याच्या हातात दिलं. त्याने धरलं. तिने दोरी ताणून सोडली आणि पांढरी रेघ उमटली. अशा पाच रेघा मारल्या. मग समितीचा कागद तिने उलटा करून ठेवला आणि पेन्सिलीने अक्षरं आखायला घेतली.

पुतण्या वाचत होता. दुसऱ्या ओळीला त्याने डोळे मिटले.

"आत्या, सही होणार नाही माझी."

"नाही होणार."

"मशीनचं नवीन काम आलं नाही तर मला इथून बाहेर पडून कुठेतरी नोकरी बघावी लागेल."

"माहितीय मला," आत्या म्हणाली. "तू सुतळी सोड म्हणालास तर मी आत्ता थांबते. मला राग आलाय म्हणून तुझं नुकसान करायचा मला हक्क नाही. सांग."

पुतण्याने आईकडे पाहिलं. ह्या बाबतीत वहिनी बोलणार नव्हत्या हे उघड होतं. तो बराच वेळ सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"मीच म्हणायचो ना," तो शेवटी म्हणाला, "टिंब पाण्यात पडलं म्हणून. शाळेतून घरी आलो की रोज. ती वाढत असायची आणि मी म्हणायचो." त्याने सुतळी पुन्हा ताणून धरली. "शेवटची रेघ वाकडी आलीय. परत मार."

रंग भरायला तीन तास लागले. आत्याने घाई केली नाही. रागातही हात नेहमीसारखा चालत होता. काठीवर टेकवला की तो आपोआप स्थिर व्हायचा, तशीच सवय लावलेली होती. ती सवय ज्याने लावली त्याच्याच विरुद्ध साक्ष लिहायला तोच हात वापरावा लागत होता. तिचं आजोबांवर प्रेम होतं. अजूनही होतं, हीच तर पंचाईत होती. एकदा लिहिता लिहिता तिला रडू आलं आणि तिने ब्रश बाजूला ठेवून रडून घेतलं, कारण रंगात पाणी गेलेलं चालत नाही. मग पुढची ओळ घेतली.

आजोबांनीच साहेबाला अर्थ सांगितला, असं तिने लिहिलं नाही. ते तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं तेवढंच लिहिलं.

'या जागेच्या नावाचा अर्थ सगळ्यांचं असा होता. त्यावर टिंब आलं आणि अर्थ राखीव असा झाला. ते टिंब माझ्या आजोबांनी आखून, दोन फटक्यांत दिलं. ते चुकून पडलेलं नाही. त्यानंतर आठ दिवसांत इथे कुंपण पडलं, आणि आजोबांना कुंपणाच्या आत जागा मिळाली. त्याच जागेत बसून मी ही पाटी रंगवली.'

खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. रंगारी सही करतो तेवढीच, बारीक.

पाचला टेम्पो आला. ड्रायव्हरने पाटी वाचली नाही. ओली आहे का, एवढंच विचारलं. ओली होती. झाकून नेता येणार नव्हती, उघडीच न्यावी लागणार होती, बाजारातून, चौकातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

एक बाजू पुतण्याने धरली. दुसऱ्या बाजूसाठी दादाला हाक मारली, पण दादा घरातून आला नाही. वहिनींनी पुढे होऊन कड धरली. रंगाला बोट लागू नये म्हणून दोघं पाटी अंगापासून लांब धरून पावलं टाकत फाटकातून बाहेर गेले. आत्या मागून ब्रश पुसत आली.

टेम्पो हलल्यावर पुतण्या म्हणाला, "आत्या, ते उद्या ही पाटी लावणार नाहीत. चिटणीस बघताक्षणी गुंडाळून ठेवेल."

"हो, नाही लावणार."

"मग एवढं सगळं कशासाठी केलं?"

"न लावू देत," आत्या म्हणाली. "वाचतील तर खरं. आणि वाचून लावली नाही, तर ह्या वेळी चुकून झालं असं तरी कुणाला म्हणता येणार नाही."